चौदाने चढलेला गंधार

...नाही, पण चौदा म्हणजे कितीसे हो? तुम्हीच सांगा. बाराशेमधले चौदा. माझ्या फोनमध्ये ते पावलं मोजायचं आहे ना, त्याच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या बिल्डिंगच्या गेटपासून मुलुंडच्या पाच रस्त्यावरच्या माझ्या भाजीवाल्यापर्यंत बरोब्बर बाराशे पावलं होतात, आता त्यात चौदा इकडे की चौदा तिकडे, कोणाला कळणार आहे, वाटेत कुत्रं आडवं आलं तरी तेवढी जातात... पण नाही. चौदा पावलं पुढे गेलं ना, तर भाजीवाला मागे राहतो आणि मी चपलांच्या दुकानात उभी असते. राहिलेय उभी. फोनमध्ये बघत चालत होते, आणि तशीच त्या माणसाला म्हटलं, पाव किलो गवार द्या, कोवळी बघून. त्याने माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, सात नंबर लागेल तुम्हाला.

तर हे चौदा. या चौदापायी माझ्या गाण्याच्या बाईंनी, वय वर्षं एक्क्याऐंशी, त्यांनी गाणं शिकवणं बंद केलं होतं. आणि ते कोणामुळे, तर माझ्यामुळे. थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई गवारीवरून गाण्यावर कशी काय गेली.

मी मरोळला एका ऑफिसात काम करते. कंपनी छोटी आहे, म्हणजे इतकी छोटी की पाण्याचा कॅन संपला की सगळ्यांना ईमेल येते. आम्ही फोनवरचं एक अ‍ॅप बनवतोय, गाणं शिकवणारं. तुम्ही फोनसमोर गायचं आणि फोन तुम्हाला सांगणार, सूर लागला की नाही लागला. पूर्वी यासाठी मुलुंड ईस्टला जायला लागायचं, चप्पल काढून जिना चढायला लागायचा, आता कमोडवर बसूनसुद्धा शिकता येतं, अशी सगळी प्रगती. टीममध्ये सगळी पोरं. मी शेहेचाळीस. कुठल्याही दोघांच्या वयाची बेरीज केली की साधारण मी निघते. साहेब आहे तो नितेश, अठ्ठावीस वर्षांचा, हुशार, गोड मुलगा, मला मॅम म्हणतो आणि दरवाजा उघडून धरतो, त्यामुळे मला दिवसातून चार वेळा माझं वय आठवतं.

तर कॉम्प्युटरला सा म्हणजे काय ते माहीत नसतं. त्याला माया नाही, त्याला आकडा लागतो. मग काय करायचं, तर खालच्या सा-पासून वरच्या सा-पर्यंतचं जे अंतर, त्याचे बाराशे तुकडे करायचे. एका तुकड्याला म्हणायचं सेंट. खालचा सा शून्यावर, वरचा सा बाराशेवर, आणि मधला कुठला सूर कितव्या तुकड्यावर बसतो ते एका टेबलात लिहून द्यायचं. झालं. कॉम्प्युटर तेवढ्यावर खूश असतो.

नितेश म्हणाला, "मॅम, तुमच्या बायोडेटात लिहिलंय ना, सहा वर्षं शास्त्रीय संगीत? मग हे टेबल तुम्हीच भरा."

आता बायोडेटात आपण काय काय लिहितो, तुम्हाला माहितीये. सहा वर्षं मी शिकले हे खरं आहे. सहा वर्षांत काय शिकले, ते कोणी विचारलं नव्हतं. सहा वर्षं मी एकच गोष्ट ऐकली, "शमे, गंधार चढतोय. खाली घे." माझं नाव शर्मिष्ठा, पण बाईंच्या तोंडी शमे. मंगळवारी शमे गंधार चढतोय, शुक्रवारी शमे गंधार चढतोय, दिवाळीची सुट्टी, मग परत शमे गंधार चढतोय. पण बायोडेटात हे कुठे लिहिणार?

मी टेबल भरायला बसले. डोळ्यांसमोर कीबोर्ड आणला. एका सप्तकात बारा पट्ट्या. बाराशे भागिले बारा, शंभर. शंभरा-शंभराने सरकायचं. सा शून्य, शुद्ध रिषभ दोनशे, शुद्ध गंधार चारशे, पंचम सातशे, चालले पुढे. चाळीस सेकंद लागले मला. नितेश मागून बघत म्हणाला, "वॉव, मॅम, किती क्लीन आहे." मी म्हटलं, "अरे आपलं संगीत आहेच मुळी शास्त्रशुद्ध." आणि मी चहा प्यायला गेले.

आता कीबोर्ड डोळ्यांसमोर आणला, इथेच गंमत आहे. तंबोरा का नाही आणला? बाईंच्या क्लासात कीबोर्ड कुठे होता? नव्हताच. विमलाबाईंचा क्लास म्हणजे ईस्टला एका बिल्डिंगचा पहिला मजला, मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी सहा, जिन्यात चपलांचा ढीग, खालच्या मजल्यावर कोणीतरी रोज त्याच वेळेला लसणीची फोडणी द्यायचं, त्यामुळे मला अजूनही लसूण जळायला लागली की सा लावावासा वाटतो. भिंतीवर एक घड्याळ होतं. बाई क्लास सुरू करायच्या आधी स्टुलावर चढून त्याचा सेल काढायच्या. का, तर टिकटिक लयीत नाही, मुलींचं लक्ष जातं. क्लास संपला की सेल परत आत, पण काटे कोण पुढे करणार? त्यामुळे त्या घरातलं घड्याळ दर आठवड्याला तीन तास मागे पडायचं. आमच्या आया खाली उभ्या राहून ओरडायच्या, अगं साडेसात झाले, आणि आम्ही वरून ओरडायचो, इथे अजून दुपारच आहे.

आणि पेटी होती, चांगली होती, पण तिच्यावर टर्किश टॉवेल. नियम म्हणजे नियम, गंधार लागेपर्यंत पेटी उघडायची नाही. ज्या मुलीचा गंधार लागला तिच्यासाठी टॉवेल निघायचा, म्हणजे आमच्यात तेच सर्टिफिकेट होतं. "पेटीचा गंधार शिकलीस तर जन्मभर चढेल," बाई म्हणायच्या. "तंबोऱ्यात ऐक. त्यात आहे."

आता तंबोऱ्याला तारा किती, चार. एक पंचमाची, दोन सा, आणि एक खालचा जाडा सा, तो खर्ज. गंधाराची तार आहे का? नाही. मग बाई म्हणतात त्यात आहे. कुठे आहे? "खर्ज वाजला की थांब, त्याच्या पोटातून येतो." माझ्या शेजारी प्रियंका बसायची, ती डोळे मिटून म्हणायची, "आला, बाई, आला." मी दाराकडे बघायचे. मला वाटायचं पोस्टमन आला. मला तंबोऱ्यातून ऐकू यायचं काय, तर झंईंईं. पण सगळ्या मुली माना डोलवतायत, आपण एकटीने काय सांगायचं? मी पण म्हटलं, "आला, बाई." सहा वर्षं म्हटलं. त्या न आलेल्या गंधाराचं मी सहा वर्षं स्वागत केलं.

आणि घरी काय, तर माझ्या मामाने मस्कतहून कीबोर्ड आणला होता. काळा, गुळगुळीत, बटण दाबलं की मागे ढोलपण वाजायचा. मी घरी रियाज त्याच्यावर. पट्टी दाबायची, आपण तो सूर लावायचा, किती सोपं. बाईंनी एकदा विचारलं, "शमे, घरी पेटी वाजवतेस का?" मी म्हटलं, "नाही, बाई." खोटं बोलले का मी? पेटी नव्हतीच आमच्याकडे. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं. खाली घे."

दहावी आली, क्लास सुटला. माझ्यासाठी टॉवेल निघाला नाही तो नाहीच. एकतीस वर्षं झाली त्याला. किती चढत होता हो माझा गंधार? बाराशेत चौदा. चौदा म्हणजे कितीसे?

बरं, अ‍ॅप तयार झालं, मग त्याला आवाज पाहिजे. म्हणजे चुकलं तर बोलून सांगायला पाहिजे ना. नितेश म्हणाला, "मॅम, तुमचा आवाज एकदम टीचरसारखा आहे." याला कौतुक म्हणायचं की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी पँट्रीत बसून, डोक्यावरून ब्लँकेट घेऊन, फ्रिज बंद करून रेकॉर्डिंग केलं. आणि वाक्यं कुठली? मला दुसरी येतायत कुठे. आधी सुराचं नाव, मग "चढलाय. खाली घ्या." नाहीतर "उतरलाय. वर घ्या." आणि लागला तर, "शाब्बास." सगळं बाईंचं. त्यांचाच तो शांत, जरासा सर्दी झाल्यासारखा हेल, फक्त घे-चं घ्या केलं. मला वाटलं, ही आपली बाईंना गुरुदक्षिणा. भरून-बिरून आलं मला ब्लँकेटच्या आत. निम्मं गुदमरल्यामुळे असेल.

आता अ‍ॅप बाजारात सोडायच्या आधी खऱ्या गाणाऱ्या माणसाचा सूर त्याला ऐकवून बघायचा असतो, म्हणजे मशीन नीट मार्क देतंय ना ते कळतं. नितेश म्हणाला, कोणी ऑथेंटिक आहे का? आणि माझी जीभ... मी म्हटलं, "माझ्या बाई आहेत ना."

बाई एवढ्या खूश झाल्या फोनवर. म्हणाल्या, "माझा सूर मशीनला कशाला गं? बरं, कुठली साडी नेसू?" तंबोरा घेऊन निघाल्या, त्यांच्याच पट्टीत लावलेला. टॅक्सीत तो आम्हा दोघींच्या मध्ये बसवला, गवसणी घातलेला, आणि बाईंनी त्याला सीटबेल्ट लावला. पवईपर्यंत ड्रायव्हर आरशातून बघत होता, शेवटी न राहवून म्हणाला, "पेशंट है क्या?" ऑफिसच्या गेटवर वॉचमनने विचारलं, इसमें क्या है. बाई म्हणाल्या, "सोया हुआ है, हलके से." त्याने वहीत लिहिलं, गिटार बडा, एक.

मीटिंग रूममध्ये खुर्च्या बाहेर, खाली चादर. बाई खुर्चीवर बसून गात नाहीत. नितेशने हौसेने कीबोर्ड आणून ठेवला होता, सा द्यायला, तर बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि त्याच्यावर घातला. एसीकडे बघून म्हणाल्या, "त्याला बंद करा, तो पट्टी सोडून गातोय." पोरं एवढीशी झाली. मला इतका अभिमान वाटत होता, काय सांगू, मी जशी काही त्यांना घडवली होती.

पहिला धडा सोपा, सा, ग, प, वरचा सा. स्क्रीनवर चार गोल, सूर बरोबर तर हिरवा, चूक तर केशरी, आणि खाली बारीक आकडा. बाईंनी सा लावला. हिरवा. शून्य. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी गंधार लावला. आणि तो गंधार, अहो, मी एकतीस वर्षांनी समोर बसून ऐकत होते, मला त्या खोलीत लसणीचा वास आला...

केशरी. तीनशे शहाऐंशी.

आणि फोनमधून, माझ्या आवाजात, बाईंच्या हेलात, माझ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईंना, भर मीटिंग रूममध्ये, "गंधार उतरलाय. वर घ्या."

बाई थांबल्या. फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय केलं असेल? मी म्हटलं, "बाई, परत घेऊया, पहिल्यांदा होतं असं." बाईंनी परत घेतला. तीनशे शहाऐंशी. "गंधार उतरलाय. वर घ्या." कोणीतरी खोकलं. नितेश हळूच म्हणाला, "एज फॅक्टर असेल, मॅम, इट्स ओके." तिसऱ्या वेळेला बाईंनी डोळे मिटले, आणि गंधार जरासा वर उचलला. मुद्दाम. हिरवा झाला. चारशे. "शाब्बास."

बाई म्हणाल्या, "असं हवं होतं होय." आणि तंबोऱ्याच्या तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या.

परतताना पवईच्या सिग्नलला मला म्हणाल्या, "शमे, ते तिसऱ्यांदा लागलं ना, ते तुला कसं वाटलं गं?"

मी फोनवर नितेशला टाइप करत होते, डेमो सक्सेसफुल. म्हटलं, "छान, बाई. एकदम छान."

"मला टोचलं," बाई म्हणाल्या.

"काय टोचलं? सीटबेल्ट?"

"काही नाही."

घरी सोडलं, नमस्कार केला, आले. चौदा म्हणजे कितीसे, मला तर वाटलं नितेशला सांगून थोडी ढील द्यायला लावू मशीनला, वयस्कर लोकांसाठी.

शनिवारी सकाळी फोन. काशीराम काका. हे बाईंचे विद्यार्थी, आधी गिरणीत होते, मग बँकेत वॉचमन, आता सत्तरीचे, बिल्डिंगच्या भजनात पुढे बसतात आणि बावीस वर्षं बाईंकडे येतात. आताशा क्लासात दोनच विद्यार्थी उरलेत, एक काशीराम काका आणि एक सातवीतली मानसी.

"गो बाय, काय केलंस ह्यां तू? बाईनी क्लास बंद केल्यानी."

"म्हणजे? बरं नाही का त्यांना?"

"बरा नाय कसा, धडधाकट आसत. माका सांगतत, काशीराम, माझा कान गेला. मशीनने सांगितलं. जो गंधार मला खरा वाटतो तो चूक आहे आणि टोचतो तो बरोबर आहे. अशा कानाने तुम्हाला शिकवलं तर पाप लागेल. आता माका सांग, बावीस वर्सां मी काय चुकीचा गायलंय?"

काका म्हणाले, "आणि त्या मशिनात बोलता ती कोण गो? बाई सांगी होते, आवाज वळखीचो वाटता."

मी म्हटलं, "असते एक, काका."

रविवारी गेले ईस्टला. दार उघडं होतं, आत गेले आणि काहीतरी विचित्र वाटलं. काय विचित्र, कळेना. मग कळलं, टिकटिक. संध्याकाळचे सहा वाजलेत आणि त्या घरात टिकटिक ऐकू येतेय. आयुष्यात सहा वाजता मी ते घड्याळ चालू बघितलं नव्हतं. काटेसुद्धा बरोबर होते. बाई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या, म्हणाल्या, "सेल काढायचं आता कारण नाही ना. चालू दे बिचाऱ्याला."

मी म्हटलं, "बाई, अहो ते मशीन आहे, त्याचं काय मनावर घेता?"

"मनावर कशाला घेऊ? बरं झालं वेळेवर कळलं. मशीनला काय माझ्याशी भांडण आहे? आणि तू बनवलंयस. तू काय खोटं करशील?"

घ्या. याच्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर चालल्या असत्या. तू काय खोटं करशील... मी, जी सहा वर्षं 'आला, बाई' म्हणत होते.

कोपऱ्यात तंबोरा गवसणी घालून उभा. म्हणाल्या, "तो घेऊन जा तुझ्याकडे. नुसता राहिला तर तारा गंजतील. रोज पाच मिनिटं छेडलास तरी पुरे." मला रडू येणार म्हणून मी पटकन म्हटलं, मग एकदा लावून तरी द्या, मला कुठे लावता येतो. बाई खाली बसल्या. गवसणी काढली. खुंट्या पिळल्या, जवारीचे दोरे सरकवले, आणि छेडायला लागल्या. आणि मी फोन काढला. का काढला? सवय. शेहेचाळिसाव्या वर्षी माणूस दुःखात काय करतो, फोन काढतो. वाटलं, रेकॉर्ड करून ठेवावं, बाईंच्या हातचं शेवटचं... आणि रेकॉर्डिंगच्या ऐवजी बोट पडलं आमच्या अ‍ॅपवर. फोन भोपळ्याशेजारी चटईवर ठेवला. पंचम, सा, सा, खर्ज. पंचम, सा, सा, खर्ज. बाई गात नाहीत. मी गात नाही. कोणी गात नाही.

आणि फोन बोलला, "गंधार उतरलाय. वर घ्या."

बाईंचा हात थांबला.

"कोणाला म्हणतेय ती?"

मी म्हटलं, "माहीत नाही, बाई."

"गायलं कोणी?"

"कोणीच नाही."

बाईंनी परत छेडला. खर्ज वाजला, थांबल्या. "गंधार उतरलाय. वर घ्या." आणि खाली बारीक आकडा, तीनशे शहाऐंशी.

आता बघा, मी काही फार हुशार नाही, पण एवढं मला कळलं. बाईंचा गंधार तीनशे शहाऐंशी. तंबोऱ्याच्या पोटातून येणारा गंधार तीनशे शहाऐंशी. चारशे कोणाचा? मस्कतच्या मामाचा. बारा पट्ट्या, प्रत्येकी शंभर, कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून सगळ्यांना सारखं वाटून दिलेलं, कीबोर्डला ते ठीक आहे हो, त्याचा धंदाच तो आहे. पण ते उचलून मी बाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं, हे खरं. चारशे वजा तीनशे शहाऐंशी किती? चौदा. ज्या चौदासाठी सहा वर्षं मला खाली घे खाली घे म्हणून सांगितलं, तेच चौदा मी सॉफ्टवेअरमध्ये भरले, आणि वर आता सगळ्या जगाचा गंधार चढवायला निघाले होते.

बाईंना काही आकडे-बिकडे सांगायला लागले नाहीत. त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी. "तंबोऱ्याला सांगतेय, वर घ्या... अगं, तो लावलेला आहे, तो कुठे जाणार वर..." आणि मग हसणं थांबलं, फोनकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे माझा कान आहे."

मी म्हटलं, "आहे, बाई. माझाच नव्हता."

"ते मला माहितीये. शमे, स्टूल घे, घड्याळाचा सेल काढ."

सोमवारी ऑफिसला गेले, नितेशला म्हटलं चारशेचे तीनशे शहाऐंशी कर. तो म्हणाला, "मॅम, फोर हंड्रेड कसा क्लीन दिसतो. थ्री एटी सिक्स बघून लोकांना बग वाटेल."

"अरे, चारशे हाच बग आहे."

"पण फक्त चौदाचा डिफरन्स आहे. चौदा म्हणजे कितीसे, मॅम?"

बघा. हे मी कोणाकडून ऐकत होते. मी त्याला हेडफोन घातले. एका बाजूला रविवारी मग नीट रेकॉर्ड करून आणलेला बाईंचा तंबोरा, त्याच्यावर मशीनमधून चारशेचा सूर. म्हटलं, काय होतंय? म्हणाला, "डुगडुगतंय. टेबलाचा एक पाय छोटा असल्यासारखं." मग हळूहळू खाली आणला. तीनशे पंच्याण्णव. नव्वद. तीनशे शहाऐंशीला तो एकदम ताठ बसला, हेडफोन हाताने दाबले.

"मॅम, सूर बंद झाला का?"

"चालू आहे."

"मग गेला कुठे? आता वेगळा ऐकूच येत नाहीये... सगळं मिळून एकच वाटतंय."

मी त्याच्या दुसऱ्या हेडफोनला कान लावून बसले होते, आणि मला... तुम्हाला सांगते, एकतीस वर्षांनी, मरोळच्या ऑफिसात, पाण्याच्या कॅनशेजारी, मला पहिल्यांदा ऐकू आला. झंईंईंच्या पोटातून, बारीक, गोड, आपला आपण बसलेला. तोंडातून निघून गेलं, "आला, बाई, आला."

नितेश म्हणाला, "कोण आलं?"

टेबल बदललं. धैवतात सोळा आणि निषादात बारा चुकलेले निघाले, ते मी मीटिंगमध्ये फार मोठ्याने बोलले नाही. ज्याला कीबोर्डबरोबरच गायचंय त्याच्यासाठी वेगळं बटण ठेवलं, पण सुरुवातीला तंबोराच. नवीन अ‍ॅप घेऊन मी मंगळवारी ईस्टला गेले. काशीराम काका गायले, "शाब्बास." मानसी गायली, "शाब्बास." बाई गायल्या, "शाब्बास." बाईंनी फोनला नमस्कार केला, म्हणाल्या, "आभारी आहे हो," तर काका म्हणाले, "बाई, ता ऐकणा नाय." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता तू. मी म्हटलं, नको. मानसी म्हणाली, "घाबरू नका, काकू, ती बाई खूप चांगली आहे, ओरडत नाही."

लावला गंधार. जीव ओतून लावला.

केशरी. आणि माझ्या तोंडावर, माझ्याच आवाजात, "गंधार चढलाय. खाली घ्या."

काकांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "गो, ही तर तूच." बाई तंबोरा छेडतच म्हणाल्या, "छान शिकवते हो ही मुलगी. हिच्याकडे जात जा, शमे."

आता दर मंगळवार-शुक्रवार जाते. सहाला. पेटीवर तोच टर्किश टॉवेल आहे, म्हणजे टॉवेल बदलला असेल, पण रंग तोच. परवा बघितलं, तर माझे चौदाचे अकरा झालेत. तीन कमी. क्लास सोडल्यापासून एकतीस वर्षांत तीन. मी काय, आकड्यांतली बाई, लगेच त्रैराशिक मांडलं आणि बाईंना सांगितलं की बाई, या वेगाने उरलेले अकरा जायला अजून एकशे चौदा वर्षं लागतील.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. ते अर्थातच बंद होतं. म्हणाल्या, "बरं. मी थांबते. तू खाली घे."